इंग्रजी भूतकथा टीव्हीसाठी कशी लिहायची: 'द सिग्नलमन' हाताशी घेऊन सगळ्या पायऱ्या

जुनी इंग्रजी भूतकथा टीव्हीवर आणायची म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो तो भूत कसं दाखवायचं याचा, मेकअप करायचा की ग्राफिक्स, आणि मला मनापासून वाटतं की हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. या कथांमधला माणूस जवळपास नेहमी कुठल्या ना कुठल्या कामात बुडालेला असतो आणि भूत त्या कामातूनच आत येतं. एम. आर. जेम्सच्या कथांमध्ये तो जुनी कागदपत्रं चाळणारा, चर्चच्या रंगीत काचांवरचा मजकूर लावणारा अभ्यासक असतो, कारण जेम्स (१८६२ ते १९३६) स्वतः केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचा प्रमुख होता आणि हस्तलिखितांच्या सूच्या करण्यात त्याचं आयुष्य गेलं. डिकन्सच्या कथेत तो रेल्वेचा नोकर आहे, सिग्नलमन, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना सिग्नल देणारा. तर आधी त्या माणसाचं काम शिका, तो रोज काय करतो, त्याची चूक कुठे होऊ शकते, नोकरी कशाने जाऊ शकते, हे कळलं की भूत कुठे उभं करायचं ते बऱ्यापैकी आपोआप ठरतं.

नुसते नियम सांगून काही हाती लागत नाही म्हणून एकच कथा घेऊन जातो. चार्ल्स डिकन्सची 'द सिग्नलमन', १८६६ च्या ख्रिसमसला त्याच्या 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकाच्या 'मग्बी जंक्शन' नावाच्या खास अंकात आली. बीबीसीने १९७६ मध्ये ती टीव्हीवर आणली, स्क्रिप्ट अँड्र्यू डेव्हिसचं, दिग्दर्शन लॉरेन्स गॉर्डन क्लार्कचं, सिग्नलमन झाला होता डेनहोम इलियट. पुढे कथेचा शेवट उघड सांगणार आहे, त्यामुळे वाचली नसेल तर आधी वाचून या, साधारण पाच हजार शब्दांची आहे, एका बैठकीत होते.

कथा निवडताना

टीव्हीच्या तीस-चाळीस मिनिटांना पाच ते आठ हजार शब्दांची कथा बरोबर पुरते. शक्यतो एक जागा, दोन-तीन माणसं आणि हातात धरता येईल अशी एखादी वस्तू असावी. जेम्सच्या कथांमध्ये ही वस्तू फार ठळक असते, शिटी, मुकुट, जुनं चित्र. 'द सिग्नलमन'मध्ये छोटी घंटी आहे आणि बोगद्याच्या तोंडाशी लाल दिवा आहे, दोन्ही कामाच्याच वस्तू, आणि म्हणूनच मला ही कथा शिकायला सगळ्यात चांगली वाटते.

कोणी सांगितलं की याच कथेचे आठ एपिसोड करा तर नाही म्हणा. ही कथा ताणली की तुटते, कारण हिच्यात फक्त तीन दिवस आहेत आणि भीती हळूहळू चढत जाते, मध्ये उपकथानक घातलं की ती चढण सपाट होते. मालिकाच हवी असेल तर दर भागात वेगळी कथा घ्या. बीबीसीने १९७१ ते १९७८ दर ख्रिसमसला एक असंच केलं, पहिले पाच जेम्सचे, सहावा डिकन्सचा, नंतरचे दोन नव्याने लिहिलेले.

हक्क, हे आधीच बघून घ्या

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, ब्रिटनमध्ये ७०, आणि दोन्हीकडे वर्ष संपेपर्यंत मोजतात. डिकन्स १८७० मध्ये गेला, जेम्स १९३६ मध्ये, दोघांचंही हयातीत छापलेलं लेखन दोन्हीकडे मोकळं आहे. पण भूतकथा लिहिणारा इंग्रज लेखक वॉल्टर डी ला मेर १९५६ मध्ये गेला, म्हणजे भारतात २०१७ पासून मोकळा आणि ब्रिटनमध्ये २०२६ संपेपर्यंत नाही. तुमचा एपिसोड ओटीटीवर जाऊन तिकडेही दिसणार असेल तर जास्तीची मुदत धरून चला. सुझन हिलची 'द वुमन इन ब्लॅक' वाचताना कितीही जुनी वाटली तरी ती १९८३ ची कादंबरी आहे, तिला परवानगी लागणारच.

याहून नाजूक गोष्ट म्हणजे आधीच्या रूपांतरात जे नव्याने घातलंय ते त्या रूपांतरकाराचं असतं. मूळ कथेत एक तरुणी चालत्या गाडीच्या डब्यात अचानक मरण पावते. डेव्हिसच्या स्क्रिप्टमध्ये ती नवरीच्या पोशाखात गाडीतून खाली पडते. ती नवरी डिकन्सची नाही, ती उचलू नका. मराठी अनुवादाचंही तेच, अनुवादाचा हक्क अनुवादकाचा असतो, काम करायचं ते मूळ मजकुरावरून. यासाठी माझी पद्धत अशी की आधीचं रूपांतर स्वतःचा पहिला ड्राफ्ट पूर्ण झाल्याशिवाय बघायचं नाही, आणि आधीच बघितलेलं असेल तर मूळ कथेची यादी शेजारी ठेवून प्रत्येक सीन कुठून आला ते तपासायचं.

वाचन तीनदा, तिसरं पेन्सिल घेऊन

पहिल्यांदा नुसती वाचा आणि अंगावर काटा कुठे आला तेवढीच खूण करा, कारण दहाव्या वाचनानंतर तो काटा परत येत नाही आणि तोच तर तुम्हाला प्रेक्षकाला द्यायचाय. दुसऱ्यांदा कालक्रम लावा. 'द सिग्नलमन'चा असा लागतो: पहिली संध्याकाळ, प्रवासी दरडीच्या वरून हाक मारतो आणि खाली उतरतो, गप्पा होतात. दुसरी रात्र अकराला, सिग्नलमन सगळं सांगतो. तिसरी संध्याकाळ, प्रवासी परत येतो तर सिग्नलमन त्या सकाळीच गेलेला. बाकी जे आहे ते आधी घडलेलं, साधारण वर्षापूर्वीचं पहिलं दर्शन, सहा-सात महिन्यांनी दुसरं, आणि आता आठवडाभर तिसरं चालू.

तिसऱ्या वाचनात प्रत्येक वाक्याला खूण करा, हे दिसतं, हे ऐकू येतं, हे फक्त मनात आहे. पहिले दोन प्रकार तुमच्या हातात आहेत. तिसऱ्या प्रकाराची वेगळी यादी काढा, सगळी अडचण त्या यादीत असते. या कथेत तर शेवटचा धक्काच त्या यादीत बसलाय, त्याच्यावर पुढे येतो.

आता त्या माणसाचं काम शिका

इथे वेळ घाला, इतर कुठेही वाचवा.

सिग्नलमन दोन टोकांच्या मध्ये खोल कटिंगमध्ये, म्हणजे रुळांसाठी डोंगर कापून केलेल्या खाचेत, एकटा बसतो. त्याच्याकडे झेंडी, दिवा, तारयंत्र, घंटी आणि नोंदवही. कटिंगच्या भिंतींना ओल सुटलेली, ऊन जेमतेम पोचतं, एका बाजूला काळा बोगदा. काम अंगमेहनतीचं नाही, सिग्नल बदलायचा, दिवा नीट ठेवायचा, तार घ्यायची-द्यायची, पण लक्ष एक सेकंद सुटलं तर माणसं मरतात. हे वाक्य माझं अतिशयोक्त वाटत असेल तर क्लेटन बोगदा बघा.

२५ ऑगस्ट १८६१, ब्रायटनहून लंडनकडे जाणारी लाईन. काही मिनिटांच्या अंतराने तीन गाड्या निघाल्या. बोगद्याच्या दोन्ही तोंडांना एकेक सिग्नलमन, मध्ये तारयंत्र. पहिली गाडी आत गेली पण तिच्यामागे सिग्नल आपोआप धोक्यावर यायला हवा होता तो आला नाही, त्यामुळे दुसरी गाडीही आलीच, या टोकाच्या माणसाने लाल झेंडी हलवली पण ड्रायव्हरने ती बघितली की नाही हे त्याला कळेना. त्याने पलीकडे विचारलं, बोगदा मोकळा आहे का. पलीकडच्याने नुकतीच पहिली गाडी बाहेर पडताना बघितलेली, त्याने उत्तर दिलं, मोकळा. खरं तर दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने झेंडी बघितलेली होती, तो आत थांबून गाडी मागे घेत होता. इकडे तिसऱ्या गाडीला पांढरी झेंडी मिळाली, म्हणजे चला. २३ माणसं गेली. आणि तो सिग्नलमन सलग २४ तासांच्या ड्यूटीवर होता, सुट्टीचा एक आख्खा दिवस मिळावा म्हणून.

आता कथेत सिग्नलमन सांगतो की पहिल्या दर्शनानंतर त्याने दोन्हीकडे तार केली आणि दोन्हीकडून 'सगळं ठीक' आलं, ते परत वाचा. क्लेटन माहीत असल्यावर ते 'सगळं ठीक' किती वेगळं ऐकू येतं. प्रश्न बरोबर विचारला, उत्तर बरोबर आलं, आणि तरी माणसं मेली, हे त्या वेळच्या वाचकाच्या ताज्या आठवणीत होतं.

दुसरी गोष्ट डिकन्सच्या स्वतःच्या अंगावर आलेली. ९ जून १८६५ ला केंट परगण्यात स्टेपलहर्स्टजवळ पुलावरचे रूळ दुरुस्तीसाठी काढून ठेवलेले होते, मुकादमाने गाडीची वेळ चुकीची वाचली, लाल झेंडी घेऊन उभा केलेला माणूस १००० यार्डांवर हवा होता तो ५५४ यार्डांवर होता, गाडीला थांबायला जागाच उरली नाही. दहा माणसं गेली. डिकन्स त्या गाडीत होता, त्याचा डबा पुलावर लोंबकळत राहिला, तो बाहेर पडून जखमींना पाणी-ब्रँडी देत फिरला. दीड वर्षाने त्याने ही कथा लिहिली, हातात झेंडी घेऊन उभ्या असलेल्या माणसाची.

हे सगळं स्क्रिप्टमध्ये सांगायचं नाही हं, एकही तारीख संवादात येऊ देऊ नका. याचा उपयोग असा की तुमचा सिग्नलमन नोंदवहीत वेळ कशी लिहितो, घंटी वाजली की बोलता बोलता वाक्य तोडून कसा उठतो, झेंडी गुंडाळून कशी धरतो, हे तुम्हाला लिहिता येईल. डिकन्सनेही तेच केलंय, प्रवाशाला तो माणूस कामात इतका चोख वाटतो की त्याच्या भरवशावर कोणीही राहावं, फक्त दोनदा तो घंटी न वाजता तिच्याकडे बघतो आणि दार उघडून बोगद्याकडे नजर टाकतो. काम आधी नीट दाखवलं नसेल तर ते दोनदा बघणं प्रेक्षकाच्या लक्षातच येणार नाही.

एका ओळीत कथा

भिंतीवर चिकटवायला एक ओळ लिहा आणि तिच्यात भूत हा शब्द येऊ देऊ नका. माझी ओळ: अपघात होणार हे ज्याला कळलंय पण कुठला, कुठे, कधी हे कळत नाही अशा जबाबदार माणसाने काय करायचं? तार करावी तर कारण काय देणार, न करावी तर मेलेल्यांचा भार. तो शिकलेला आहे, तरुणपणी विज्ञानाची व्याख्यानं ऐकलेला, संधी वाया घालवून इथे येऊन पोचलेला, त्यामुळे आपण वेडे दिसू हेही त्याला कळतं. पुढे एखादा सीन ठेवायचा की काढायचा असा वाद झाला की या ओळीकडे बघा, सीन तिला हात लावत नसेल तर काढा.

निवेदक आणि बदल

जुन्या इंग्रजी भूतकथेत सांगणारा बहुतेक वेळा बाजूला उभा असतो, कधी त्याने कोणाकडून तरी ऐकलेलं असतं, कधी कागदपत्रांत वाचलेलं. टीव्हीवर हे थर झेपत नाहीत. १९७२ च्या 'अ वॉर्निंग टू द क्युरियस'मध्ये क्लार्कने जेम्सचे हे थर काढले, सफोकच्या किनाऱ्यावरची गोष्ट नॉरफोकच्या किनाऱ्यावर नेली आणि मुख्य म्हणजे कथेतल्या तरुण पॅक्स्टनच्या जागी नोकरी गेलेला मध्यमवयीन कारकून आणला, पीटर वॉनने तो केला. आता तो पुरलेला मुकुट का शोधतोय हे एका शब्दाशिवाय कळतं. बदल असा असावा, एका बदलाने माणसाचं पोटापाण्याचं कारण स्पष्ट झालं.

१९६८ मध्ये जोनाथन मिलरने जेम्सच्या शिटीच्या कथेत असंच केलं, कथेतला प्रोफेसर तरुण, नीटनेटका, तोलून बोलणारा आहे, मिलरने मायकेल होर्डर्नला घेऊन त्याला वयस्कर, स्वतःशी पुटपुटणारा केला. त्याला माणसांशी बोलायची सवयच उरलेली नाही हे त्या पुटपुटण्याने कळतं, मग समुद्रकिनाऱ्यावर लांब कोणीतरी आहे म्हटल्यावर तो कोणाला सांगणार! याच कथेच्या २०१० च्या रूपात शिटीच काढून अंगठी आणली आणि स्मृतिभ्रंश झालेली बायको आणली. जॉन हर्टचं काम फार मोठं आहे आणि दुःख खरं आहे, पण वस्तू बदलली की भूत येण्याचं कारणच बदलतं, शिटी वाजवली म्हणून ते येतं यातली साधी भीती त्यात राहत नाही असं माझं मत.

आपल्या कथेत प्रवाशाबद्दल डिकन्स जवळपास काहीच सांगत नाही. टीव्हीवर चेहरा दिसणार, कपडे दिसणार, त्यामुळे ठरवावं लागेल. मी त्याला फार इतिहास देणार नाही. एवढंच की तो सुखवस्तू आहे, रिकामा आहे, आणि वरून खाली आलाय, शब्दशः. सिग्नलमन त्याला साहेब म्हणतो, तो सिग्नलमनला डॉक्टरकडे न्यायचं ठरवतो, या दोन गोष्टींत त्यांच्यातलं अंतर पुरेसं दिसतं. त्याचा व्हॉइसओव्हर टाळा. भुताच्या गोष्टीत व्हॉइसओव्हर आला की बोलणारा जिवंत वाचलाय हे पहिल्या मिनिटाला कळतं आणि शिवाय जे दिसतंय तेच परत ऐकावं लागतं.

कथा सरळ खंडाळ्याच्या घाटात आणावी का असंही मनात येईल. भोर घाटाची लाईन १८६३ ला सुरू झाली, म्हणजे काळ अगदी तोच आणि बोगदेही आहेत. करता येईल, पण मग साहेब कोण, नोकर कोण, तार कोणत्या भाषेत, सगळं नव्याने उभं करावं लागेल आणि ती वेगळी कथा होईल, तिची एक ओळही वेगळी असेल. शिकण्यासाठी आधी इंग्लंडातच ठेवून लिहा.

मिनिटांचा आराखडा

एक पान म्हणजे साधारण एक मिनिट धरतात, म्हणजे अडतीस-चाळीस पानं. माझी वाटणी अशी आहे: पहिली तीन मिनिटं दरडीच्या माथ्यावर, हाक, आणि खालचा माणूस वर बघण्याऐवजी बोगद्याकडे बघतो (ही कथेतली पहिली विचित्र गोष्ट आहे आणि फुकट मिळालेली आहे, पूर्ण वाइड शॉटमध्ये घ्या, कट करू नका). मग बारा मिनिटांपर्यंत पहिली संध्याकाळ, यात जवळपास फक्त काम. दोन-तीन मिनिटं खाणावळीत, प्रवासी एकटा. मग सत्ताविसाव्या मिनिटापर्यंत दुसरी रात्र, हे सगळ्यात मोठं. चारेक मिनिटं ती रात्र आणि सकाळ, परत खाणावळीत, बाकी तिसरा दिवस.

दुसऱ्या रात्री सिग्नलमन लांबलचक सांगतो, तिथे फ्लॅशबॅक घ्यायचे की नाही? नटावर भरवसा असेल तर पहिला अर्धा भाग त्याच्या तोंडूनच येऊ द्या. फ्लॅशबॅक घेतलाच तर तो जिथे उभा होता तिथूनच सगळं दिसलं पाहिजे. मोठा अपघात त्याच लाईनवर झाला पण त्याने तो बघितलेला नाही, त्याने काही तासांनी बोगद्यातून त्याच जागेवरून नेलेली माणसं बघितली. तेवढंच दाखवा, बजेटही वाचतं आणि बोगद्याचं तोंड प्रेक्षकासाठीही बंदच राहतं.

जागा हे बजेटचं सगळ्यात मोठं पान. १९७६ चं शूटिंग सेव्हर्न व्हॅली रेल्वेवर झालं, ती वाफेच्या इंजिनांची जपून ठेवलेली लाईन आहे. १९७४ मध्ये जेम्सची मठाच्या खजिन्याची कथा करताना मूळ जर्मनीतला भाग इंग्लंडातल्याच वेल्स नावाच्या गावच्या कॅथेड्रलला आणला आणि तिचं काही बिघडलं नाही, कारण काम तेच राहिलं, काचेवरचं कोडं सोडवणारा विद्वान. लोकेशन बदला, काम बदलू नका.

भूत किती

सिग्नलमन स्पष्ट सांगतो की चेहरा मी कधी बघितला नाही, डावा हात डोळ्यांवर असतो आणि उजवा जोरात हलत असतो. म्हणजे लेखकानेच तुम्हाला सांगून ठेवलंय की चेहरा दाखवायचा नाही, मग हट्टाने दाखवू नका. तीन दर्शनं तीन अंतरांवर ठेवा: पहिलं लाल दिव्याजवळ, सिग्नलमन धावत जातो, बाही ओढायला हात पुढे करतो आणि तिथे कोणी नाही. दुसरं पहाटेच्या उजेडात, दिव्याच्या खांबाला टेकलेलं, दोन्ही हात तोंडावर, कोणी गेल्यावर माणूस बसतो तसं. तिसऱ्या वेळी आकृती दाखवूच नका, फक्त सिग्नलमन दारातून बोगद्याकडे बघतोय आणि आपण त्याचा चेहरा बघतोय.

'द वुमन इन ब्लॅक'च्या १९८९ च्या टीव्ही रूपांतरात पटकथाकार नायजेल नीलने मोठा दचका एकदाच जपून वापरला आणि म्हणून तो इतकी वर्षं लोकांना आठवतो. तिथली अजून एक गोष्ट शिकण्यासारखी, कादंबरीत वकील जुनी पत्रं वाचतो, नीलने त्या जागी मेणाच्या नळकांड्यांवरचं आवाजाचं रेकॉर्डिंग आणलं. वाचण्याची गोष्ट ऐकण्याची झाली.

आवाजाची यादी स्क्रिप्टच्या आधी

डिकन्सने आवाज लिहून ठेवलेत, तारांमधून वाऱ्याचा घुमणारा सूर, येणाऱ्या गाडीची आधी जमिनीत जाणवणारी थरथर, आणि घंटी. भूत वाजवतं तेव्हा घंटी हलताना दिसत नाही, फक्त तिच्यातून वेगळी कंपनं येतात आणि ती एकट्या सिग्नलमनला ऐकू येतात. आता ठरवा, प्रेक्षकाला ऐकवायची का? माझं उत्तर असं की पहिल्या संध्याकाळी अजिबात नाही, दुसऱ्या रात्री तारांच्या सुरात मिसळून इतकी बारीक की प्रेक्षकाला खात्री होऊ नये, आणि खाणावळीत प्रवासी एकटा असताना एकदा, ग्लासच्या काठावर. संगीत जितकं कमी तितकं बरं, तारांचा सूरच पुरे.

एक सीन लिहून बघू

*केबिन. आत. रात्र.*

*शेकोटीत कोळसे. टेबलावर उघडी वही, तारयंत्र, घंटी. सिग्नलमन उभ्याउभ्या वेळ लिहितो, शाई टिपतो.*

प्रवासी: मग तार करा. धोका आहे म्हणून कळवा.

सिग्नलमन: कसला धोका, कुठे, असं विचारतील साहेब.

प्रवासी: सांगा माहीत नाही.

सिग्नलमन: माहीत नाही पण जपा. असं लिहू? *(वही बंद करतो)* मला काढून टाकतील. मी त्यांच्या जागी असतो तर मीही काढलं असतं.

*प्रवासी शेकोटीकडे बघतो. सिग्नलमनची नजर घंटीवर. घंटी स्थिर. तो वाक्य न संपवता उठतो, दार उघडतो, थंड हवा आत. लाल दिवा. बाकी काही नाही.*

सिग्नलमन: *(पाठमोरा)* मागच्या दोन वेळेला मला कळवलं ते पटावं म्हणून. मग आता सरळ का सांगत नाही, कुठे होणार आहे ते?

यात भुताचं वर्णन एका शब्दाने नाही, सगळं बोलणं कामाचं आहे, तार, वही, नोकरी. प्रवाशाचा सल्ला सोपा आहे आणि तो सोपा असल्यानेच सिग्नलमनची कोंडी उघडी पडते. सीन लिहिताना संवाद मराठीत बोलून बघा, साहेब-नोकर अशी ही दोघं रात्री अकराला कसं बोलतील तसं, आणि डिकन्सची लांब वाक्यं जशीच्या तशी आणू नका.

शेवट

शेवटी कळतं की सिग्नलमन इंजिनखाली आला. ड्रायव्हर सांगतो, तो पाठमोरा उभा होता, शिटी ऐकेना, म्हणून मी ओरडलो, खाली कोण आहे, बघा बघा, देवासाठी बाजूला व्हा, आणि मला बघवेना म्हणून डोळ्यांवर हात घेतला आणि दुसरा शेवटपर्यंत हलवत राहिलो. इथे दोन गोष्टी एकदम उलगडतात. एक, ती आकृती कोण होती, आणि डोळ्यांवरचा हात लपायला नव्हता, बघवत नव्हतं म्हणून होता. दुसरी, 'देवासाठी बाजूला व्हा' हे शब्द या हातवाऱ्याला सिग्नलमनने जोडलेलेच नव्हते, सिग्नलमनने हात हलवून दाखवला तेव्हा प्रवाशाने ते फक्त मनातल्या मनात जोडले होते. म्हणजे भीती आता प्रवाशापर्यंत येऊन पोचली.

मनातल्या मनात, हीच ती तिसऱ्या प्रकाराची यादी. उपाय आधी पेरावा लागतो. मी तो खाणावळीच्या सीनमध्ये पेरतो, पण तो सीन मग दुसऱ्या रात्रीनंतर हवा, म्हणून आराखड्यात खाणावळ दोनदा येते. दुसऱ्या वेळी प्रवासी अंधाऱ्या खिडकीसमोर उभा राहून तो हातवारा स्वतः करून बघतो आणि ओठांतल्या ओठांत ते शब्द म्हणतो, एकदाच, क्लोजअप नको. प्रेक्षक ऐकतो, सिग्नलमन नाही. मग ड्रायव्हर तेच म्हणतो तेव्हा कॅमेरा ड्रायव्हरवर न ठेवता प्रवाशावर ठेवा आणि त्याला एकही वाक्य देऊ नका, समजावून सांगणारं तर मुळीच नाही.

अपघात प्रत्यक्ष दाखवावा का यावर मतं वेगळी असू शकतात. मला ड्रायव्हरने सांगणं जास्त पटतं, कारण सांगताना त्याचा हात आपोआप डोळ्यांवर जातो आणि आपण ती आकृती दिवसाउजेडी, जवळून, जिवंत माणसात बघतो. दाखवायचाच असेल तर सुरुवातीला प्रवासी उभा होता तिथूनच, वरून, लांबून.

ड्राफ्ट झाल्यावर

जेम्स आपल्या कथा ख्रिसमसच्या सुमारास किंग्ज कॉलेजमधल्या मित्रांना मेणबत्तीच्या उजेडात वाचून दाखवायचा. तुम्हीही स्क्रिप्ट रात्री, दोन-तीन जणांना, मोठ्याने वाचून दाखवा, सीनचे मथळे आणि आवाजाच्या सूचनांसकट. ऐकणारे कुठे हलले, कोणी फोन कुठे उचलला ते समासात टिपा. कुठे घाबरलात असं विचारू नका, सिग्नलमनने तार करायला हवी होती का असं विचारा. त्यावर वाद झाला तर स्क्रिप्ट उभं राहिलंय. कोणालाच काही वाटलं नाही तर पहिल्या संध्याकाळकडे परत जा, तिथे काम कमी पडलंय.

जाहिरातींचे ब्रेक असलेल्या चॅनेलसाठी लिहीत असाल तर ब्रेक भुतावर तोडू नका, प्रश्नावर तोडा. या कथेत एक जागा स्वच्छ आहे, पहिल्या रात्री निरोप घेताना सिग्नलमन विचारतो की आज तुम्ही मला त्याच शब्दांनी हाक का मारलीत, आणि प्रवाशाला तो काय विचारतोय हेच कळत नाही. दुसरा ब्रेक लागलाच तर तारेच्या सीननंतर, दार उघडं असताना.

दिग्दर्शकाला स्क्रिप्ट देताना सोबत दोन वेगळी पानं जोडा, एकावर आवाजांची यादी मिनिटांसकट, दुसऱ्यावर सिग्नलमनच्या एका शिफ्टचं वेळापत्रक, कोणती गाडी किती वाजता, कधी तार, कधी दिवा पुसणं. नट ते वेळापत्रक मागतोच, कारण संवाद नसताना हातांनी काय करायचं हे त्याला त्या पानावरून कळतं.